बंद पडलेली लाकडी घसरगाडी



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले, की तो बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, असे श्रोते धरून चालतात. त्यात त्यांची चूक नाही. आमच्या लोकांनी वर्षानुवर्षे तीच सवय त्यांना लावली आहे. यंदा चिटणिसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘लाकडी रोलर-कोस्टर’ असे लिहून पाठवले. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी, दिवसभराचे काम आटोपून आणि लोकलचा प्रवास सोसून आपण येथे येता, तेव्हा थोडी मौजेची गोष्ट ऐकण्याचा आपला हक्क आहे असे आम्हांला वाटते. पण ही मौजेची गोष्ट कारखान्याच्या फाटकापाशी कशी येऊन पोहोचते, तेही आपल्याला दिसेल.

‘रोलर-कोस्टर’ हा शब्द जिभेला जड आहे. आम्ही आज तिला ‘घसरगाडी’ म्हणणार आहोत. आपल्यातल्या तरुण मंडळींना ती वस्तू काय ते सांगण्याची गरज नाही. १९८९ साली मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, आणि पुढची तीस वर्षे अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर या भागांतल्या शाळांच्या सहली बसने, मग होडीने तेथे जात असत. तेथल्या घसरगाड्या लोखंडी होत्या. पोरे पोटात गोळा येईपर्यंत त्यांत बसत, उतरून ओकत आणि पुन्हा रांगेत उभी राहत. २०२२ साली ती बाग बंद झाली. वडीलधाऱ्या मंडळींना मात्र एवढेच सांगावे लागेल, की डोंगराच्या चढउतारासारखा उंचसखल लोहमार्ग बांधायचा, त्याच्यावर बिनइंजिनाची गाडी सोडायची, आणि आत माणसे बसवायची. ही झाली घसरगाडी.

बिनइंजिनाची हे शब्द लक्षात ठेवा. गाडी पहिल्या टेकाडावर साखळीने ओढून नेतात. वर जाताना खट्-खट्-खट् असा आवाज येतो. पुष्कळांना वाटते, की तो आवाज भीती घालण्यासाठी मुद्दाम ठेवला आहे. तसे नाही. साखळी तुटली तर गाडी मागे घसरू नये म्हणून गाडीच्या पोटाखाली एक लोखंडी जीभ असते. ती मार्गामधल्या दात्यांवरून एकेक दाता ओलांडीत जाते. विहिरीच्या रहाटाला उलटा फिरू न देणारी खुंटी असते ना, तीच युक्ती. एकदा माथ्यावर पोहोचली, की साखळी सुटते आणि मग पुढचा सगळा प्रवास गुरुत्वाकर्षणाच्या हवाली. पहिल्या टेकाडावर जेवढी उंची कमावली तेवढीच पुंजी. प्रत्येक वळणावर, प्रत्येक चाकाच्या घर्षणात ती थोडी थोडी खर्च होते. म्हणून पुढचे प्रत्येक टेकाड पहिल्यापेक्षा ठेंगणेच असावे लागते. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार घेऊन निघालेल्या माणसाचा महिना जसा जातो, तसाच हा प्रवास जातो, आणि शेवटी गाडी जमिनीला लागते.

आता लाकडी म्हणजे काय? आपल्याला वाटेल, की सगळा सांगाडा लाकडाचा असेल ती लाकडी. बहुधा तसे असतेही, पण खरी खूण सांगाड्यात नसून मार्गात आहे. लाकडी घसरगाडीत लाकडाच्या पट्ट्या एकावर एक ठोकून जाड रूळ बनवतात आणि त्याच्या पाठीवर लोखंडाची पातळ पट्टी बसवतात. गाडीचे चाक त्या पट्टीवरून धावते. लोखंडी घसरगाडीचा मार्ग म्हणजे कारखान्यात वाकवलेला नळ. तो जसा आला तसा बसतो आणि जागचा हालत नाही. लाकडाचा मार्ग हालतो. गाडी गेली की सारा सांगाडा डुलतो, आणि तो डुलावा अशीच त्याची बांधणी असते. ताठ राहिला तर मोडेल. या डुलण्याने बोल्ट ढिले होतात, खिळे वर येतात, पावसाने लाकूड फुगते, उन्हाने आकसते. म्हणून रोज सकाळी, गाडी सुरू होण्यापूर्वी, हातोडा आणि पाना घेऊन माणूस हा मार्ग पायी चालत जातो. खिळा ठोकतो, बोल्ट आवळतो, वंगण घालतो, आणि फळीवर हातोडा मारून तिचा आवाज ऐकतो. कुजलेल्या फळीचा आवाज बद्द येतो.

आपण मध्य रेल्वेकाठची माणसे. रुळांवरून पाठीवर अवजारे टाकून चालत जाणारा चावीवाला आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. घसरगाडीलाही चावीवाला आहे. थंडीच्या दिवसांत, मंडळी येत नाहीत तेव्हा, सुतार मार्गाचा एखादा भाग उकलतात आणि नव्या लाकडाने बांधतात. दरवर्षी थोडा थोडा भाग. असे केल्याने शंभर वर्षांच्या घसरगाडीत मूळचे लाकूड किती उरले असेल, हे कोणी सांगू शकत नाही, आणि तरीही ती तीच घसरगाडी असते.

हे यंत्र कोणाला सुचले, ही कथा मोठी गमतीची आहे. रशियात हिवाळ्यात लाकडी उतरण बांधून तिच्यावर पाणी ओतीत. पाणी गोठले की लोक त्या बर्फावरून घसरत. फ्रेंच लोकांनी ती कल्पना उचलली, गाडीला चाके लावली, आणि आजही फ्रेंच भाषेत घसरगाडीला ‘रशियन डोंगर’ म्हणतात. रशियन लोक मात्र तिला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात! परप्रांतीयांवर ढकलण्याची सवय फक्त आपल्याकडेच आहे असे समजू नका.

पण आमच्या दृष्टीने तिचा खरा जन्म कोळशाच्या खाणीत झाला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात मॉक चंक नावाचे गाव होते. तेथे १८२७ साली डोंगरावरच्या खाणीतला कोळसा नदीकाठी उतरवण्यासाठी नऊ मैलांचा उताराचा लोहमार्ग टाकला. भरलेल्या वाघिणी आपोआप खाली येत. रिकाम्या वाघिणी खेचरे ओढून वर नेत. ही खेचरेसुद्धा खाली येताना वाघिणीत उभी राहून येत. ही सोय त्यांच्या इतकी अंगवळणी पडली, की एखाद्या दिवशी खाली पायी जायला सांगितले तर ती जागची हालत नसत. संघटना नसताना मिळालेला हक्क राखण्याचे हे उदाहरण आम्हांला फार आवडते. पुढे लोक हौसेने तिकीट काढून त्या मार्गावर बसू लागले. १८७० नंतर कोळसा दुसऱ्या वाटेने जाऊ लागला, तेव्हा तो मार्ग केवळ मौजेसाठी चालला, तो थेट १९३३ पर्यंत.

मग येते १८८४ साल. न्यू यॉर्क शहराच्या टोकाला समुद्रकाठी कोनी आयलंड नावाची जागा आहे. आपल्या चौपाटीसारखी, पण दसपट गजबजलेली. तेथे लामार्कस थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने त्या वर्षीच्या जूनमध्ये पाच सेंट भाड्याची एक लाकडी घसरगाडी सुरू केली. हा थॉम्पसन मूळचा मोजे विणण्याच्या धंद्यातला. वृत्तीने धार्मिक होता, आणि रविवारी लोक दारूच्या गुत्त्यात जातात ते न जाता उघड्या हवेत निर्मळ मौज करोत, असा त्याचा हेतू होता. गाडीचा वेग ताशी सहा मैल. म्हणजे आपली बैलगाडी उतारावर जेवढी पळेल तेवढा! शेवटाला पोहोचले की मंडळी उतरत, नोकर लोक गाडी ढकलून परतीच्या मार्गाच्या माथ्यावर नेत, आणि मंडळी पुन्हा बसत. इतिहासात थॉम्पसनचे नाव आहे. ढकलणाऱ्यांची नावे कोठे सापडत नाहीत.

याच १८८४ साली, सप्टेंबर महिन्यात, आपल्या मुंबईत परळला गिरणी कामगारांच्या सभा भरत होत्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्या भरवल्या होत्या. त्यांची पहिली मागणी कोणती होती? पगारवाढ नव्हे, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. गिरणी तेव्हा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले, आणि सुट्टी फक्त सणाची. रविवार हा खंडोबाचा वार, तो आम्हांला मिळाला पाहिजे, असे म्हणत ही चळवळ सहा वर्षे चालली आणि १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी सकाळी उशिरा उठणाऱ्या किती जणांना लोखंड्यांचे नाव माहीत असते, हा प्रश्न वेगळा.

या दोन गोष्टी आम्ही मुद्दाम शेजारी ठेवल्या. घसरगाडी हे सुट्टीचे अपत्य आहे. सरदार-दरकदारांच्या करमणुकीला तमाशे, शिकारी, मेजवान्या पूर्वीपासून होत्या. त्यांना रविवार कशाला लागतो? हजारो माणसांना एकाच दिवशी मोकळा वेळ आणि खिशात चार पैसे असतील, तेव्हाच पाच सेंटांच्या तिकिटावर एवढा मोठा सांगाडा उभा राहू शकतो. अमेरिकेत ट्राम कंपन्यांनी हे चांगले ओळखले. आठवड्याचे सहा दिवस ट्रामी कामगारांनी भरत. रविवारी रिकाम्या धावत. म्हणून कंपन्यांनी मार्गाच्या शेवटच्या टोकाला बागा बांधल्या, बागेत घसरगाडी उभारली, आणि सातव्या दिवसाचे भाडेही त्याच माणसाच्या खिशातून काढले. १९२० साली भुयारी रेल्वे कोनी आयलंडपर्यंत गेली, भाडे पाच सेंट. त्या दशकात अमेरिकेत हजाराहून अधिक लाकडी घसरगाड्या चालू होत्या. आज साऱ्या जगात मिळून त्या दोनशेच्या आतबाहेर आहेत. १९२९ ची मंदी आली, कामे गेली, लोकांच्या हातचा पैसा गेला, आणि पहिला घाव बसला तो करमणुकीवर. मग युद्ध आले. मग मोटारी आल्या आणि लोक ट्रामच्या टोकाला जाईनासे झाले.

येथवर सगळे कालमानाप्रमाणे झाले असे म्हणता येईल. जुनी वस्तू जाते, नवी येते. पण हे उत्तर आम्हांला पुरेसे वाटत नाही. का, ते दोन घसरगाड्यांच्या कथेवरून सांगतो.

कोनी आयलंडलाच १९२५ साली एक घसरगाडी बांधली, नाव थंडरबोल्ट. दोन वर्षांनी, १९२७ च्या जूनमध्ये, थोड्या अंतरावर दुसरी उभी राहिली, नाव सायक्लोन. थॉम्पसनची १८८४ ची घसरगाडी जेथे होती त्याच जागेवर ती आहे. दोघींचा मार्ग लाकडी. सायक्लोनची उंची पंचाऐंशी फूट, लांबी अर्धा मैल, भाडे पंचवीस सेंट. बोलणे गेलेला एक कोळसा-खाणीतला कामगार १९४८ साली तिच्यात बसला, उतारावर किंचाळला, आणि उतरल्यावर ‘मला मळमळते आहे’ असे स्पष्ट बोलला, अशी दंतकथा तेथे सांगतात. खरी-खोटी त्यांनाच ठाऊक. आम्हांला त्यात एवढेच नवल वाटते, की खाणीतल्या माणसाला ओरडायला घसरगाडी लागली.

तर दोन्ही एका वयाच्या, एका समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या. थंडरबोल्टची कथा अशी, की तिच्या सांगाड्याच्या पोटात एक जुने हॉटेल होते. ते न पाडता वरून घसरगाडी नेली होती, आणि चालवणारे कुटुंब त्याच घरात राहत असे. गाडी डोक्यावरून गेली की घरातली भांडी हालत. १९८२ साली ती बंद झाली. घर रिकामे झाले. सकाळी हातोडा घेऊन चालणारा माणूस येईनासा झाला. वेली चढल्या, लाकूड कुजले, लोखंड गंजले. अठरा वर्षे ती तशी उभी होती. शेजारी बेसबॉलचे नवे मैदान तयार होऊ लागले, तेव्हा नगरपालिकेने ती धोकादायक आहे असे सांगून २००० सालच्या नोव्हेंबरात पाडून टाकली. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि २००३ साली निर्णय लागला, की असे पाडण्याला रास्त कारण नव्हते. निर्णय लागला तेव्हा वाद ज्या वस्तूवर होता ती वस्तू नव्हती. औद्योगिक न्यायालयाच्या पायऱ्या ज्यांनी झिजवल्या आहेत, त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

आता सायक्लोन. तिच्यावरही हाच प्रसंग आला होता. १९६९ च्या सुमारास शहराने ती जागा घेतली आणि १९७२ च्या सुमारास जवळच्या मत्स्यालयाच्या विस्तारासाठी घसरगाडी पाडायचे ठरवले. लोकांनी विरोध केला. अखेर १९७५ साली ती चालवायला भाडेपट्ट्याने दिली गेली, आणि अट अर्थातच दुरुस्तीची. त्या उन्हाळ्यात सुतार वर चढले, मार्ग नवा केला, आणि जुलैत ती पुन्हा सुरू झाली. १९८८ साली शहराने आणि १९९१ साली देशाने तिला ऐतिहासिक वास्तू ठरवले. तिच्या लाकडात असे काही निराळे नव्हते, जे थंडरबोल्टच्या लाकडात नव्हते. एकीवर रोज सकाळी माणूस चालत राहिला, दुसरीवरचा थांबला, एवढाच फरक.

आमचा मुद्दा हा आहे. लाकडी घसरगाडी म्हातारी होऊन मरत नाही. आधी ती बंद होते, आणि बंद झाल्यामुळे ती म्हातारी होते. लोक सांगतात त्याच्या उलट क्रम आहे. ‘मोडकळीस आली होती म्हणून बंद केली’ असे कागदावर येते. तपास केला तर बहुतेक वेळा आढळते, की आधी जागेवर कोणाची तरी नजर गेली, मग दुरुस्ती थांबली, आणि मग मोडकळीस आली.

हे आम्ही पुस्तकात वाचून म्हणत नाही. कारखान्यांची टाळेबंदी आम्ही जवळून पाहिली आहे. एका टाळेबंदीत फाटकावर तोडगा निघाला होता, तो असा, की उत्पादन बंद असले तरी मेन्टेनन्सची दहा-बारा माणसे आत जातील. यंत्रे फिरवतील, तेल घालतील, पाणी उपसतील. एका पावसाळ्याआधी व्यवस्थापनाने तीही माणसे बंद केली. कारण दिले खर्चाचे. दसऱ्याला आम्ही पूजेसाठी आत जाऊ द्या म्हणून अर्ज केला, तेव्हा चार जणांना सोडले. आमच्याबरोबर एक जुना फिटर होता. त्याने एका यंत्राच्या दांड्याला हात घातला, तो हालला नाही. दुसऱ्याला घातला, तोही नाही. त्याने काही न बोलता हात पुसला आणि नारळ फोडला. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाला, “हे आता सुरू करायचे नाहीच ठरले आहे.” तोपर्यंत आम्ही वाटाघाटीच्या टेबलावर बसून तारखा मोजत होतो, त्याला ते एका दांड्यावरून कळले.

आपल्या शेजारचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. मोहोन्याची एन. आर. सी. २००९ साली बंद झाली. तिच्या वसाहतीतल्या घरांची कळा पुढे काय झाली, ते आंबिवलीवरून जाणाऱ्या कोणालाही दिसत होते. घर तेच, विटा त्याच. पण छपरावर दरसाल कौल फिरवणारा माणूस गेला, की घर ओळखू येत नाही.

असो. मूळ विषयाकडे येऊ. बंद पडलेली घसरगाडी पुन्हा सुरू झाल्याचे एक उदाहरण आहे, आणि ते जरा सावकाश सांगण्यासारखे आहे.

इंग्लंडमध्ये केंट परगण्यात मार्गेट नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. लंडनचे कामगार सुट्टीला तेथे जात. जॉन हेन्री आइल्स नावाच्या गृहस्थाने तेथली एक करमणुकीची बाग १९१९ साली घेतली, तिला ड्रीमलँड असे नाव दिले, आणि १९२० च्या उन्हाळ्यात लाकडी घसरगाडी सुरू केली. हा आइल्स मोठा विलक्षण माणूस. इंग्लंडच्या गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत कामगारांचे पितळी वाद्यांचे बँड असत. त्या बँडांची राष्ट्रीय स्पर्धा १९०० साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये यानेच सुरू केली. पुढे चित्रपटांच्या धंद्यात पैसे घालून १९३८ साली त्याचे दिवाळे निघाले. माणूस बुडाला, घसरगाडी चालत राहिली.

या मार्गेटच्या घसरगाडीची एक गोष्ट आम्हांला सर्वांत प्रिय आहे. १९१९ च्या सुमारास जॉन मिलर नावाच्या अमेरिकन कारागिराने गाडीच्या चाकांना रुळाच्या खालूनही धरून ठेवणारे तिसरे चाक लावण्याची युक्ती काढली. त्यामुळे गाडी रूळ सोडून उडणे अशक्य झाले, आणि टेकाडे उंच व उतार उभे झाले. मार्गेटची घसरगाडी त्याआधीच्या पद्धतीची. तिला खालचे चाक नाही. गाडीचा वेग वाढू न देण्याचे काम एक माणूस करतो. तो गाडीवरच, मंडळींच्या मधोमध बसतो, आणि उतार येईल तसा हाताने ब्रेक ओढतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला १९१२ ची आणि डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला १९१४ ची, अशा आणखीही काही घसरगाड्या याच ब्रेकवाल्यांच्या जिवावर बांधलेल्या आहेत. पाऊस पडला की रूळ बुळबुळीत होतो, गाडी भरलेली असली की जड होते, रिकामी असली की हलकी. वारा समोरून असतो, कधी मागून. हे सगळे अंगाने ओळखून ब्रेक किती ओढायचा ते त्याने ठरवायचे. जास्त ओढला तर गाडी पुढचे टेकाड चढणार नाही आणि मधेच अडकेल. कमी ओढला तर वळणावर धोका. दिवसातून अनेक वेळा तोच मार्ग, आणि प्रत्येक वेळी वेगळा. हा कुशल कामगार नव्हे, असे कोणत्या वेतन मंडळाने म्हणून दाखवावे!

१९४९ साली आणि पुन्हा १९५७ साली तिला आग लागली. दोन्ही वेळा ती बांधून सुरू केली, कारण बागेला तिची गरज होती आणि सुतार हाताशी होते. नंतर मालक बदलत गेले. लोक स्वस्तात विमानाने स्पेनला जाऊ लागले, मार्गेट ओसाड पडू लागले. २००२ साली सरकारने तिला संरक्षित वास्तू म्हणून नोंदवले. त्या देशात करमणुकीच्या यंत्राला असा मान पहिल्यांदाच मिळाला. पुढच्याच वर्षी बाग बंद करून जागेचा दुसरा उपयोग करण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. २००६ साली घसरगाडी थांबली. ७ एप्रिल २००८ रोजी तिसरी आग लागली, सुमारे चौथा हिस्सा जळाला, आणि ती आग कोणीतरी लावली होती.

या वेळी दुरुस्तीला कोणी आले नाही. पण गावातल्या लोकांनी २००३ पासूनच बचाव समिती काढलेली होती. त्यात इतिहासाचे शौकीन होते, दुकानदार होते, घसरगाडीत बसून लहानाची मोठी झालेली माणसे होती. त्यांनी अर्ज केले, सभा घेतल्या, चिकाटी सोडली नाही. अखेर तेथल्या जिल्हा कौन्सिलने सक्तीच्या भूसंपादनाचा हुकूम काढला. मालक वरपर्यंत लढला. २०१३ साली जागा कौन्सिलच्या ताब्यात आली.

येथे आम्ही क्षणभर थांबतो. सक्तीचे भूसंपादन हे शब्द आपण आपल्या भागात कितीदा ऐकले आहेत! धरणासाठी ऐकले, रस्त्यासाठी ऐकले, औद्योगिक वसाहतीसाठी ऐकले. शेतकऱ्याच्या हातातून जमीन काढून घेण्याचेच ते साधन, अशी आपली समजूत झाली आहे. तोच कायदा उलट्या बाजूने, बंद पाडून ठेवलेल्या जागेच्या मालकाविरुद्ध, आणि तोही एका घसरगाडीसाठी वापरता येतो, हे आम्ही वाचले तेव्हा पुस्तक खाली ठेवून चहा मागवला. आपल्याकडे बंद कारखान्याच्या जमिनीचे काय होते? मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले, ते परळला जाऊन वर मान करून पाहावे. आपल्या तिन्ही शहरांत गेल्या काही वर्षांत जेवढे मनोरे उठले, तेवढी मैदाने उठली का, ते आपणच मोजावे. लोखंड्यांनी रविवार मिळवून दिला; त्या रविवारी पोराबाळांना घेऊन जायचे कोठे, हा कामगारांच्या मागणीपत्रातला विषय आहे असे आम्हांला वाटते. आमच्या सहकाऱ्यांना तसे वाटत नाही. ते म्हणतात, आधी पगाराचे बोला. बोलतोच आहोत.

मार्गेटची कथा गोड शेवटाची नाही, हेही सांगितले पाहिजे. बाग २०१५ च्या जूनमध्ये उघडली, पण घसरगाडी काही तयार झाली नव्हती. उन्हाळा असाच गेला. जळालेला भाग नव्याने बांधायचा, गाड्या नव्या, आणि तपासणी अशी कडक, की ती सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला. त्यामुळे पहिल्या हंगामाचे उत्पन्न बुडाले, आणि २०१६ च्या मे महिन्यात बाग चालवणारी कंपनी कर्जात सापडून प्रशासकाच्या हाती गेली. नंतरही घसरगाडीचे चालणे आणि दुरुस्तीसाठी थांबणे असे होतच राहिले. नऊ वर्षे बंद राहिलेली वस्तू सुरू करणे हे नऊ वर्षे चालू ठेवण्यापेक्षा किती महाग पडते, याचा हिशेब तेथल्या कौन्सिलला पुरेपूर कळला असेल.

आपल्याकडे लाकडाची मौज नव्हतीच असे नाही. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत हाताने फिरवायचे लाकडी पाळणे पुष्कळांनी पाहिले असतील. चार पेट्यांचा पाळणा, आणि तो फिरवणारा माणूस पेटीला लोंबकळून स्वतःच्या वजनाने गती देणारा. फळ्यांच्या गोल विहिरीत मोटारसायकल फिरवणाऱ्यांचे खेळ तर आपण सर्वांनी, छातीवर हात ठेवून, पाहिले आहेत. ती फळ्यांची विहीर प्रत्येक गावी नव्याने जोडावी लागते, आणि जोडणारे लोक फळी बसवण्यापूर्वी ती ठोकून पाहतात. आपण तिकीट काढून आत जातो तेव्हा फटफटीवाल्याकडे बघतो. यंदा जत्रेला जाल, तर खेळ सुरू होण्यापूर्वी तासभर आधी जा, आणि त्या फळ्या ठोकणाऱ्याला त्याचे नाव, गाव आणि रोजंदारी विचारून या. आम्ही दोन-तीन जत्रांत विचारून पाहिले आहे. आधी तो संशयाने बघतो, मग हातोडा खाली ठेवतो आणि बोलू लागतो.